गुडघा पुढे की मागे?

"गुडघा पंजाच्या पुढे जाऊ द्यायचा नाही." हल्लीच्या व्यायामशाळांमध्ये हे वाक्य पाढ्यासारखं म्हटलं जातं. आमच्या वसमतलाही आता जिम आहेत, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे तिथे जातात, आणि खांद्यावर लोखंडी दांडा घेऊन उठाबशा काढतात. त्याला स्क्वॉट म्हणायचं. माझा नातूही जातो. एकदा मी त्याला आमच्या तालमीतली बैठक दाखवली, तर तो हसून म्हणाला, "आबा, हे सगळं चुकीचं आहे. तुमचा गुडघा किती पुढे जातोय बघा!"

आता मी पडलो मास्तर. कोणी 'चूक' म्हटलं की ती चूक कधीपासून ठरली आणि कोणी ठरवली, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून हा लेख.

देशी बैठकीत गुडघा पुढे जातोच. खाली बसताना टाचा उचलतात, भार चवड्यांवर येतो, हात मागून पुढे झोक घेतात आणि त्या झोक्यात माणूस वर येतो. १९६० च्या सुमारास, म्हणजे वसमत परभणी जिल्ह्यात होतं तेव्हा, आम्ही अशाच बैठका शिकलो. वस्तादांचं लक्ष गुडघा पुढे किती गेला यावर नसे. गुडघे एकमेकांकडे आत पडले की मात्र पोटरीवर छडी बसे. "पंजा जिकडं, गुडघा तिकडं," एवढंच त्यांचं शास्त्र.

पण हे शास्त्र नुसतं तोंडी नव्हतं बरं का. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात मराठीत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. जोर, बैठका, मल्लखांब, कुस्ती, लाठी... एकट्या व्यायामावर दहा खंड! ज्या वर्षी हे काम सुरू झालं त्याच १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी जाऊन देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. आपल्याकडे विचार झालाच नव्हता असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे खंड एकदा नुसते हातात धरून पाहावेत.

मग वजनाचं काय? आपल्या बैठका बिनवजनाच्या, शेकड्यांनी मारायच्या, हे खरं. पण गळ्यात दगडी कडं घालून बैठका मारण्याची रीतही होती. गामा पैलवानाचं असं कडं, ज्याला हसली म्हणतात, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. वजन शंभर किलोच्या आसपास. (गामा रोज पाच हजार बैठका मारायचा म्हणतात. मोजायला कोण बसलं होतं, देव जाणे.)

मौज अशी की पाश्चात्य देशांतही आधी चवड्यांवरचीच बैठक होती. टाचा उचललेल्या आणि वजन बेताचं. पाय सपाट ठेवून भारी वजनाने खोल बसण्याचा प्रकार अमेरिकेत रुजवला तो हेन्री स्टाइनबॉर्न नावाच्या जर्मन माणसाने. पहिल्या महायुद्धात हा ऑस्ट्रेलियात नजरकैदेत होता, तिथे त्याने कसून मेहनत केली आणि १९२१ साली अमेरिकेत आला. वजन ठेवायला तेव्हा आजच्यासारखे स्टँड नव्हते. तो दांडा एका टोकावर उभा करायचा, त्याखाली वाकून तो खांद्यावर कलता घ्यायचा आणि तसाच खाली बसायचा. आमच्या मोंढ्यात हळदीचं पोतं पाठीवर घेणाऱ्या हमालाला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

गुडघ्याची भीती आली ती पुढे, १९६१ साली. टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी वजन उचलणाऱ्यांचे गुडघे तपासले आणि सांगितलं की खोल बैठकांनी गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात, तेव्हा मांडी जमिनीला समांतर आली की थांबा. नंतरच्या संशोधकांना तसं काही आढळलं नाही. पण भीती एकदा पसरली की तिच्यामागून येणारा खुलासा कोण वाचतो? गुडघा पुढे न जाऊ देण्याचा नियम मला या भीतीचाच धाकटा भाऊ वाटतो.

त्या नियमाची परीक्षाही झाली आहे. २००३ साली अमेरिकेत फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात सरावलेल्या पुरुषांना आपापल्या वजनाइतका भार देऊन स्क्वॉट करायला लावलं. एकदा मोकळेपणाने, आणि एकदा पायांपुढे लाकडी फळी उभी करून, म्हणजे गुडघा पुढे जाऊच नये. मग सांध्यांवरचा टॉर्क काढला. टॉर्क म्हणजे पाना फिरवताना लागतो तसला फिरवणारा जोर. गुडघ्यावरचा टॉर्क फळीमुळे सरासरी १५० वरून ११७ न्यूटन-मीटरवर आला. म्हणजे नियमात तथ्य आहे, ते नाकारू नये. पण कमरेच्या खुब्यावरचा? २८ वरून थेट ३०३! दहापटीहून जास्त. गुडघा अडवला की धड पुढे झुकतं, आणि गुडघ्याचं ओझं खुबा आणि पाठ यांच्यावर जाऊन पडतं.

हे आकडे वाचले आणि मी नातवाला हाक मारली. कारण गेले दोन महिने तो कंबर धरून घरी येत होता. जिममध्ये त्याला "अजून मागे, अजून मागे" सांगत होते. त्याला रिकाम्या हाताने आरशासमोर बसायला लावलं. गुडघा कुठे जातोय ते बघायचं नाही, तो कुणाकडे बघतोय ते बघायचं, म्हटलं. पायाच्या बोटांच्या रोखाने हवा. त्याचा डावा गुडघा वर येताना दर वेळी आत पडत होता. इतके दिवस कुणाचं तिकडे लक्षच नव्हतं! वजन निम्मं करायला लावलं, पाय थोडे बाहेर वळवले आणि बसताना सावकाश बस म्हटलं. शिवाय कंबर दाखवायला डॉक्टरांकडे पाठवलं, कारण मास्तर म्हणजे वैद्य नव्हे.

मात्र त्याने चवड्यांवर बसून शंभर किलो उचलावेत असं मी अजिबात म्हणणार नाही. चवड्यावरची बैठक झोक्याची आणि हलक्या अंगाची. खांद्यावर दांडा असला की टाच टेकलेलीच हवी, नाहीतर तोल जायचा. एका व्यायामाचा नियम दुसऱ्याला लावला की दोन्हीकडे गोंधळ होतो, मग तो नियम आमच्या तालमीचा असो की त्यांच्या जिमचा.

त्याचे घोटे मात्र ताठ आहेत. खुर्चीवर बसून वाढलेली पिढी, उकिडवं बसायची सवय कुठली? खाली बसताना टाच आपोआप सुटते. त्यावर त्याने उपाय शोधून काढला आणि मोबाईलवर मला दाखवला. वेटलिफ्टिंगवाले घालतात ते खास बूट, टाचेखाली चांगला उंचवटा असलेले. टाच उंच असली की गुडघा सुखाने पुढे जातो आणि पाठ सरळ राहते, असं तिथे लिहिलं होतं. किंमत बघून मी म्हटलं, "अरे, टाच उचलायला आमच्या तालमीत पैसे पडत नव्हते." तरी अर्धे मी दिले.