आयनांबर आणि उपग्रह दिशादर्शन

सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या भागातील वायूंचे आयनीभवन होते. या विद्युतभारित थरास आयनांबर म्हणतात. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील जीपीएस उपग्रहांचे संदेश त्यातून येताना रेंगाळतात. हा विलंब सेकंदाच्या एक कोट्यंश इतका असला, तरी अंतरात ३० मीटरची चूक होते! मात्र तो वारंवारतेनुसार बदलत असल्याने दोन वारंवारतांचे संदेश ताडून बहुतांशी काढून टाकता येतो.

भारतापुढील खरी अडचण निराळी आहे. चुंबकीय विषुववृत्त देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते. १९६३ साली थुंबा येथे अग्निबाणतळ सुरू झाला तो याच कारणाने. या पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनांबराच्या तळाकडील विरळ भाग बुडबुड्यांप्रमाणे वर चढतात. त्यांतून येणारा संदेश ताऱ्यासारखा लुकलुकतो आणि कधी ग्राहकयंत्राच्या हातून सुटतो. सौरडाग वाढलेल्या वर्षांत, विशेषतः मार्च व सप्टेंबरच्या सुमारास, हा उपद्रव अधिक असतो.

इस्रो व भारतीय विमानतळ प्राधिकरणाची ‘गगन’ यंत्रणा विमानांना विलंबाची दुरुस्ती पुरवते. पण सुटलेल्या संदेशाची दुरुस्ती कशी करणार? तेव्हा आकाशाच्या इतर भागांतील उपग्रहांवरच विसंबावे लागते.