खरी करंजी कुणाची?

मागच्या दिवाळीत आमच्या चिंचवडच्या घरी एक वाद झाला, त्यातून हा एपिसोड निघाला. मी ऑनलाइन मागवलेल्या करंज्यांचा डबा उघडला. आजीने एक मोडून पाहिली, पापुद्रे सुटेनात म्हणून बाजूला ठेवली. "ही खरी नव्हे. खरी साट्याची."

साटा म्हणजे तूप आणि तांदळाची पिठी एकत्र फेसून केलेला मलम. (आता बहुतेक जण कॉर्नफ्लोअरच घेतात.) पोळीवर साटा फासायचा, वर दुसरी पोळी, पुन्हा साटा, मग घट्ट गुंडाळी करून लाट्या कापायच्या. तळताना तुपामुळे थर चिकटत नाहीत आणि पाण्याची वाफ त्यांना वर उचलते. फ्रेंच लोक क्रोसाँमध्ये लोण्याने हेच करतात, फक्त भट्टीत.

नाव आलं करंजाच्या शेंगेच्या आकारावरून. कोकणात सारण ओल्या नारळाचं, देशावर सुक्या खोबऱ्याचं; गोव्यात तीच नेवरी.

मग मी आजीला विचारलं, तूप कुठलं घ्यायचीस गं? ती हसायलाच लागली. "तूप कुणाला परवडत होतं? डालडा!"

इथे गंमत आहे. डालडा बाजारात आला १९३७ साली. 'दादा' या डच आयातदाराच्या नावात लिव्हर कंपनीने आपला 'एल' घुसवला, असं सांगतात. गांधीजींचा वनस्पती तुपाला विरोध होता, तरी पिवळा डबा घरोघरी पोचला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि साताऱ्याहून आलेल्या माझ्या आजोबांसारख्यांच्या घरी दिवाळी बोनसवर ठरायची. बोनस म्हणजे मैदा, साखर, डालडा. म्हणजे आमची 'परंपरा' कारखान्याच्या पगारावर उभी राहिलेली!

ट्रान्स फॅटमुळे हृदयाला धोका, म्हणून जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आली. तेव्हाचा तो डालडा आता मिळत नाही. आजीची करंजी हुबेहूब करायची म्हटली तरी होणार नाही.

शिवाय तिचं मनगट आता लाटणं पेलत नाही. म्हणून यंदा ती खुर्चीत बसली, मी साजूक तुपाचा साटा फेसला. कातण फिरवायच्या आधी कडा नीट दाबली नाही, तीन करंज्या तेलात फुटल्या. चौथीचे पापुद्रे सुटले. आजीने ती खाल्ली आणि म्हणाली, "डालड्याची जास्त खुसखुशीत व्हायची."