पथ्याची दुसरी बाजू : गव्हाशिवाय केक

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्यांचा केकशी काय संबंध, असं आपल्याला वाटेल. पण सुरुवात एका शब्दापासून करू या. ‘पथ्य’ म्हणजे मुळात हितकर, मानवणारं; न मानवणारं ते अपथ्य. व्यवहारात आपण हे उलटं केलं. ‘डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती काय खायचं नाही याची यादी. मग खायचं काय, हा प्रश्न मागे पडतो. सीलिअ‍ॅक या आजाराच्या इतिहासात नेमकं हेच घडलं.

या आजारात गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. मूल जेवतं, पण अंगी लागत नाही. लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८८८ साली त्याचं नेमकं वर्णन छापलं. बरं व्हायचं तर आहारानेच, हेही त्यांनी ओळखलं. पिठाचे पदार्थ कमी द्या म्हणाले. पण पातळ कापून भाजलेला पाव मात्र त्यांनी चालू ठेवला! पुढे १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी मुलांना केळी दिली आणि पाव-बिस्किटं बंद केली. मुलं सुधारली. श्रेय कुणाला मिळालं? केळ्याला! जे दिलं ते दिसलं, जे काढून घेतलं त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

ते लक्ष गेलं हेगच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाचं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, लोकांनी ट्युलिपचे कंद खाल्ले, पाव मिळेना. आणि ही आजारी मुलं मात्र सुधारली, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण डिके यांचा गव्हावरचा संशय त्याआधीचा आहे; १९४१ मध्येच त्यांनी त्याबद्दल लिहिलं होतं. दुष्काळाने संशय पक्का झाला. १९५० च्या प्रबंधात त्यांनी तो मांडला आणि काही वर्षांत सहकाऱ्यांसह दाखवून दिलं की दोष गव्हाच्या स्टार्चचा नाही, ग्लूटेनचा आहे.

अपथ्य सापडलं. पण वाढदिवसाला त्या मुलाने काय खायचं? इथून पुढचं काम भटारखान्याचं. ग्लूटेन म्हणजे मळलेल्या कणकेला ताण देणारी जाळी. तीच हवा धरून ठेवते. ती काढली की पाव बसतो, भुगा होतो. केकचं थोडं सोपं असतं, कारण तिथे बरंचसं काम अंडं करतं. म्हणून तांदळाच्या किंवा बदामाच्या पिठाचा केक जमतो. जिथे अंडंही चालत नाही, तिथे खरी कसोटी. मग चिकटपणासाठी झँथन गम किंवा आपलं इसबगोल लागतं.

आपल्याकडे तर या बाजूची शिदोरी जुनीच आहे. उकडीचे मोदक, अनारसे, नाचणीचं सत्त्व, राजगिऱ्याचे लाडू. यांत गहू नाहीच. उपवासाच्या दिवशी आख्खं घर गव्हाशिवाय गोडधोड करतं आणि कुणाला आपण आजारी आहोत असं वाटत नाही. अडचण येते ती गिरणीत. आधी गहू दळले असतील तर मागून टाकलेल्या नाचणीत ते येणारच. ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे चिमूटभरही खूप झालं. चाळणी वेगळी हवी, केकचं भांडंही वेगळं हवं.

आणि ताट? ते मात्र वेगळं नको, असं आम्हाला वाटतं. पंगतीत एका मुलाला बाजूला बसवून डब्यातला कोरडा लाडू दिला, तर त्याचं पोट सांभाळलं जाईल, पण आपण वेगळे आहोत हेही ते शिकेल. त्यापेक्षा त्या दिवशी सगळ्यांसाठीच तांदळाच्या पिठाचा केक करावा. अपथ्य शोधायला गी यांच्यापासून साठेक वर्षं लागली. पथ्य रांधायला एक दुपार पुरते.