दुखणे, दुखापत आणि अन्याय



पायात काटा रुतला म्हणजे तोंडातून ‘आई गं’ हा उद्गार आपोआप बाहेर पडतो. त्यासाठी कोणालाही शब्दकोश उघडावा लागत नाही. परंतु वैद्याने ‘काय होते आहे?’ असे विचारले, की शब्दांची निवड करावी लागते. ठणका, कळ, चमक, शूळ, चुरचुर या प्रत्येकाची जात निराळी आणि मराठी माणसाला ती बालपणापासून ठाऊक असते. इंग्रजीतील ‘पेन’, ‘हर्ट’, ‘वूंड’, ‘इंज्युरी’ या शब्दांची मात्र आपले विद्यार्थी एकाच ‘दुखणे’ किंवा ‘इजा’ या शब्दावर बोळवण करतात. वस्तुतः या शब्दांतील भेद केवळ व्याकरणाचा नाही. त्याच्या मागे जवळजवळ हजार वर्षांचा इतिहास उभा आहे.

प्रथम इंग्रजीचे घरचे शब्द पाहू. अँग्लो-सॅक्सन लोकांच्या बोलीतून जे आले, ते बहुधा अंगाला जाणवणाऱ्या गोष्टी सांगतात. डोकेदुखीला ‘हेडेक’ आणि दातदुखीला ‘टूथेक’ म्हणतात. त्यांच्या शेवटी जो शब्द जोडलेला आहे, तो सतत, संथपणे चालणाऱ्या दुखण्याचा वाचक होय. डॉक्टर जॉन्सन यांनी आपल्या 1755 च्या सुप्रसिद्ध कोशात तो ग्रीक शब्दापासून आला असे मानले. ती व्युत्पत्ती चुकीची होती. पण त्या शब्दाचे आजचे विचित्र स्पेलिंग रूढ होण्यास ती कारणीभूत झाली. ‘सोअर’ म्हणजे स्पर्श होताच दुखणारे, हुळहुळे. आपण ऊठसूट वापरतो तो ‘सॉरी’ हा शब्द याच ‘सोअर’चा वंशज आहे. मूळ अर्थ, ज्याचे मन दुखावले आहे असा. ‘स्मार्ट’ हा शब्द तर मराठीतही रुळला आहे. मुळात त्याचा अर्थ झोंबणे, चरचरणे असा होता. जर्मन भाषेत वेदनेला जो शब्द आहे, तो याचाच भाऊबंद. झोंबणारा तो तीक्ष्ण, तीक्ष्ण तो चलाख, आणि चलाख तो चटपटीत, अशी त्याची वाटचाल झाली.

1066 साली हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली. शेतकरी इंग्रजी बोलत राहिला. पण दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच व लॅटिन यांचा अंमल सुरू झाला. न्यायालयातील फ्रेंच लोकांना कळत नाही, म्हणून वादविवाद इंग्रजीत चालावेत, असा कायदा करावा लागला तो 1362 साली. मधल्या तीन शतकांत परकीय शब्दांचा मोठा लोंढा इंग्रजीत शिरला. आपल्याकडेही ‘जखम’ आणि ‘इजा’ हे शब्द फारसीच्या राजवटीतूनच आले, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे नवल वाटत नाही.

‘पेन’ हा अशाच पाहुण्यांपैकी एक. लॅटिनमध्ये ‘पोएना’ म्हणजे शिक्षा, दंड. तेथून फ्रेंचमार्गे तो इंग्लंडात आला. प्रथम तो शिक्षेचा वाचक होता. शिक्षेने जे भोगावे लागते ते दुःख, असा अर्थ मागाहून स्थिरावला. फौजदारी कायद्याला ‘पीनल कोड’ म्हणतात, त्यातील ‘पीनल’ हा त्याच कुळातला. म्हणजे दुखणाऱ्या दाढेचे नाव आणि दंडसंहितेचे नाव एकाच मुळावर उगवले आहे. ‘हर्ट’ हाही फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ धडक देणे, आदळणे. म्हणून ‘पेन’ सोसणाऱ्याच्या बाजूने बोलतो, तर ‘हर्ट’मध्ये आघाताची आठवण शिल्लक आहे.

‘वूंड’ हा जुना घरचा शब्द शस्त्राने फाटलेल्या देहाचा. रणांगणावर सैनिक ‘वूंडेड’ होतो, तर रेल्वेच्या अपघातात प्रवासी ‘इंज्युअर्ड’ होतो. मराठीत दोघेही जखमीच. परंतु ‘इंज्युरी’चे मूळ जखमेत नाही. लॅटिनमध्ये ‘यूस’ म्हणजे हक्क, न्याय. त्याला नकार जोडून ‘इन्यूरिया’ शब्द झाला. अर्थ सरळ आहे: अन्याय, हक्कभंग. देहाची मोडतोड हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

या भेदाची कसोटी इंग्लंडमध्ये एका खटल्यात लागली. एल्सबरी गावच्या मॅथ्यू अ‍ॅशबी या मतदाराला निवडणूक अधिकाऱ्याने मत देऊ दिले नाही. अ‍ॅशबीच्या अंगावर ओरखडा उठला नव्हता, खिशातून दमडीही गेली नव्हती. मग नुकसान कसले? 1703 साली इतर न्यायाधीश त्याच्या विरुद्ध गेले. सरन्यायाधीश होल्ट मात्र एकटे त्याच्या बाजूने उभे राहिले. हक्क असेल तर त्याच्या भंगावर उपाय असलाच पाहिजे, पैशाची हानी झाली नाही तरी ‘इंज्युरी’ झालीच, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे लॉर्ड्सच्या सभागृहाने निकाल फिरवून अ‍ॅशबीला न्याय दिला.

हाच विवेक आपल्या देशाच्या कायद्यातही उतरला. मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली 1837 साली मसुदा तयार झालेली आणि 1860 साली संमत झालेली भारतीय दंडसंहिता या दोन शब्दांत काटेकोर भेद करीत असे. शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता उत्पन्न करणे म्हणजे ‘हर्ट’, अर्थात दुखापत. ‘इंज्युरी’ मात्र देह, मन, लौकिक अथवा मालमत्ता यांपैकी कशालाही बेकायदा पोहोचविलेला अपाय. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तरी या व्याख्यांचा गाभा कायम आहे. फरक पडला तो जबर दुखापतीच्या एका कसोटीत. पूर्वी तीव्र वेदना वीस दिवस टिकाव्या लागत किंवा माणसाला तितके दिवस नेहमीचे व्यवहार करता येऊ नयेत, अशी अट होती. आता ती मुदत पंधरा दिवसांची आहे. बिछान्यावर पडलेल्या मजुराच्या दृष्टीने हे पाच दिवस क्षुल्लक नव्हेत.

शब्दांचा हा इतिहास इंग्रजीच्या परीक्षेपुरता उपयोगी आहे, असे मला वाटत नाही. शाळेत एखादे मूल तक्रार घेऊन येते, तेव्हा आपण विचारतो, ‘कुठे लागले?’ वळ दिसला नाही, रक्त आले नाही, की आपण म्हणतो, ‘काही झाले नाही, जा खेळ.’ घरात, कचेरीत, गावच्या पंचायतीतही बहुधा हाच न्याय चालतो. परंतु त्या मुलाला सर्वांदेखत हिणवले गेले असेल, त्याच्या वाट्याची जागा हिरावली गेली असेल, तर त्याला ‘पेन’ दाखविता येणार नाही. ‘इंज्युरी’ मात्र झालेली आहे. जखमेवर खपली धरते. अन्यायावर ती आपोआप धरत नाही. म्हणून ‘कुठे लागले?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘तुझे काय हिरावले गेले?’ हा दुसरा प्रश्नही आपण विचारला पाहिजे.