दहा माणसांची मर्यादा : भाईंदर पूर्वेचे गाळे आणि गोल करवतीची सुरक्षा

वसईच्या खाडीच्या दक्षिणेस, रेल्वेमार्गाच्या पूर्व बाजूला पसरलेला भाईंदर पूर्व हा भाग मुळात मिठागरांचा, भातशेतीचा आणि गोडदेव, नवघर, खारीगाव अशा गावठाणांचा होता. मुंबईतील जागेचे भाव आणि जकात परवडेनाशी झालेली लहान कारखानदारी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दहिसरपलीकडे सरकू लागली तेव्हा येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, आणि १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका होईपर्यंत ‘गाळा’, म्हणजे अशा वसाहतीतील एका शटरमागची भाड्याची वा मालकीची जागा, हेच येथील उद्योगाचे एकक ठरून गेले होते. भाईंदरचे नाव झाले ते स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांमुळे. पण मुंबईच्या उत्तर उपनगरांत आणि मीरा रोड परिसरात ज्या वेगाने इमारती उभ्या राहिल्या, त्या वेगाने दारे, कपाटे आणि स्वयंपाकघराचे ओटे सजवणारे लाकूडकामही या गाळ्यांत आणि बांधकामाच्या जागी शिरले. गोल करवतीवर काम करणाऱ्याची बोटे सुरक्षित राहतील की नाही हे या भागात यंत्रविद्येपेक्षा गाळ्याच्या आकारमानाने अधिक ठरवले, असे येथील कायद्यांचा आणि यंत्रांचा इतिहास एकत्र वाचल्यावर दिसते.

या किनाऱ्याला लाकूडकाम नवे नाही. पोर्तुगीज अमलात, म्हणजे १५३४ ते १७३९ या काळात, वसईला जहाजबांधणी होत असे, आणि उत्तनच्या कोळ्यांच्या होड्या सुतारांच्या हातून घडत आल्या. त्या परंपरेत ओंडका आधारावर चढवून दोघांनी मोठी करवत ओढायची, वाकसाने तासायचे, पटाशीने खाचा पाडायच्या आणि रंध्याने सफाई करायची असा क्रम होता. या हत्यारांनी जखमा होत, खोलही होत, परंतु हत्यार माणसाच्या दंडाच्या बळावर चालत असल्याने हात थांबला की पातेही थांबे. गोल करवतीने नेमकी हीच गोष्ट बदलली.

इंग्लंडमध्ये १७७७ साली सॅम्युएल मिलर यांनी घेतलेले पेटंट हा या करवतीच्या जुन्या नोंदींपैकी एक मानला जातो. पुढे वाफेने आणि नंतर विजेने तिला जो वेग दिला, तो आकड्यांत मांडल्याखेरीज धोक्याची कल्पना येत नाही. मिनिटाला २,८८० फेरे घेणाऱ्या मोटरवर थेट बसवलेल्या १० इंची पात्याचा दात सेकंदाला सुमारे ३८ मीटर, म्हणजे ताशी १३० किलोमीटरहून अधिक वेगाने जातो. धोका केवळ पात्याला हात लागण्याचा नसतो. चिरले जाणारे लाकूड आतल्या ताणामुळे पात्याच्या मागे पुन्हा मिटू लागते आणि पात्याला आवळते. अशा वेळी मागच्या बाजूने वर येणारे दात ते लाकूड उचलून कामगाराच्या अंगावर फेकतात आणि त्याला रेटणारा हात आधार सुटून पात्यावर जातो. यावरचा उपाय म्हणजे ‘रिव्हिंग नाइफ’, अर्थात पात्याच्या लगेच मागे, त्याच रेषेत उभी असलेली पोलादी पट्टी, जी चीर मिटू देत नाही. ब्रिटनने १९२२ च्या लाकूडकाम यंत्र नियमांत ही पट्टी, पात्यावरचे झाकण आणि लाकूड पुढे ढकलण्यासाठीची काठी बंधनकारक केली, आणि भारतातील राज्यांच्या कारखाने नियमांनी लाकूडकामाच्या यंत्रांसाठी याच धर्तीची तरतूद स्वीकारली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच उपाय माहीत होता आणि तो महागही नव्हता.

तो पोचला कुठवर, हे मात्र कारखान्याच्या व्याख्येवर अवलंबून राहिले. भारताच्या १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यात यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती, पण तो शंभर माणसांच्या कारखान्यालाच लागू होता. ही मर्यादा १८९१ मध्ये पन्नासवर, १९२२ मध्ये वीसवर आणि १९४८ च्या कायद्याने, यंत्रशक्ती वापरली जात असेल तर, दहावर आली. ज्या मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, तिथे कायद्याच्या डोळ्यांसमोर गिरणी होती, आणि गिरणीपुरता तो कायदा मोलाचाही ठरला. चार-पाच माणसांचा गाळा मात्र, कलम ८५ खाली राज्य शासनाने वेगळी अधिसूचना काढलेली नसली तर, त्याच्या बाहेरच राहिला. पुढे तर प्रवाह उलटा फिरला: महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा दहावरून वीसवर नेली आणि २०२० च्या केंद्रीय संहितेनेही वीसच धरली. लहान उद्योगाला कागदपत्रांच्या ओझ्यातून सोडवण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु यंत्राला झाकण लावण्याचा नियम हिशेबाच्या वह्यांसोबत एकाच गाठोड्यात बांधून बाहेर टाकणे ही गंभीर चूक आहे, कारण पात्यासमोर नेहमी एकच माणूस उभा असतो.

बोट गेल्यानंतरचा कायदा वेगळा होता, आणि तो गाळ्यालाही लागू होत असे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला विजेवर चालणाऱ्या उत्पादनाच्या जागी माणसांच्या संख्येची अट नव्हती. त्याच्या पहिल्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेतील घट टक्क्यांत दिलेली होती: अंगठा गेल्यास ३०, तर्जनी पूर्ण गेल्यास १४, तिचे एकच पेर गेल्यास ९, मधले बोट १२ आणि एका हाताची चारही बोटे गेल्यास ५०. २०२० मध्ये ठरलेली १५,००० रुपयांची वेतनमर्यादा आणि पंचविसाव्या वर्षासाठीचा २१६.९१ हा गुणक धरला, तर त्या वयाच्या कामगाराच्या तर्जनीची भरपाई सुमारे २ लाख ७३ हजार रुपये होई. याच कायद्यात मालकाच्या बाजूने एक अपवाद होता: सुरक्षेसाठी दिलेले साधन कामगाराने जाणूनबुजून काढले वा डावलले असेल, तर अशा अंशतः अपंगत्वाची भरपाई नाकारता येत असे. ज्या गाळ्यात असे साधन मुळात दिलेलेच नसे, तिथे मालकाला हा बचाव मिळत नसे.

अलीकडच्या काळात यंत्र लहान आणि स्वस्त झाले. बांधकामाच्या जागी बहुधा दिसते ते प्लायवूडचे टेबल आणि त्याखाली उलटे बसवलेले, चार इंची पात्याचे ‘मार्बल कटर’. ते मिनिटाला १२ हजारांहून अधिक फेरे घेते, त्याचा मूळ संरक्षक पत्रा काढून टाकलेला असतो आणि बटण टेबलाखाली असल्याने घाईत हाताला लागत नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये स्टीव्हन गॅस यांनी असे यंत्र सिद्ध केले की त्वचेचा स्पर्श विद्युतसंकेताने ओळखून पाते सुमारे पाच सहस्रांश सेकंदात थांबते, आणि २००४ च्या सुमारास ते बाजारात आले. भाईंदरच्या गाळ्याला त्याची किंमत परवडत नाही. पण तेवढ्यासाठी हातावर हात धरून बसायचे कारण नाही. रिव्हिंग नाइफची पट्टी पात्याच्या पत्र्याहून जाड आणि दातांनी पडणाऱ्या चिरेहून बारीक असावी लागते, म्हणजे तीन मिलिमीटर चीर पाडणाऱ्या पात्यामागे अडीच मिलिमीटरची पट्टी चालते. तिची पुढची कड पात्याच्या गोलाईला समांतर कापावी आणि पाते वर-खाली होणारे असेल तर ती त्याच्याबरोबर हलेल अशी बसवावी, एवढेच काम आहे, आणि पोलाद कापणारे व वाकवणारे कारागीर भाईंदर पूर्वेत शेजारच्याच गाळ्यांत बसलेले आहेत.