दिनविशेष : २१ जून – गाळावर उभं राहिलेलं रामसर स्थळ
२०१९ : नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर पाणथळीची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर यादीत याच तारखेने नोंद झाली. महाराष्ट्रातले हे पहिले रामसर स्थळ. क्षेत्र १,४३७ हेक्टर. इराणमधील रामसर शहरी २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या करारावरून हे नाव आले.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला. सिंचनाच्या दृष्टीने ते नुकसानच. पण त्याच गाळातून उथळ तळी, दलदल आणि बेटे तयार झाली. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचते, पाणवनस्पती वाढतात, त्यावर किडे-मासे आणि माशांवर पक्षी जगतात. १९८६ मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले. हिवाळ्यात चापडगाव, खाणगाव थडी या गावांच्या काठावरून चक्रवाक, थापट्या, तरंग, वारकरी हे पक्षी सहज दिसतात. नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असलेला ‘देवळाली मिनो’ हा नाशिकच्याच देवळालीचे नाव लावणारा मासाही या स्थळाच्या अधिकृत नोंदीत आहे.

नाशिकमधील सातपूरशी या पाणथळीचा संबंध थेट आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीतून वाहणारी नासर्डी (नंदिनी) नदी पुढे गोदावरीला मिळते आणि ते पाणी अखेर याच बंधाऱ्यात येते. सांडपाण्यातील नत्र-स्फुरदावर जलपर्णी फोफावते, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि त्याचा पहिला फटका माशांना बसतो. त्यामुळे पाणथळीची राखण निफाडइतकीच सातपुरातही करावी लागते.