मातींत सांपडलेलें नांव

फ्रान्स व बेल्जियम या देशांतील जुन्या रणभूमींवर यंत्र घेऊन पुरलेलें धन शोधीत हिंडणाऱ्यांच्या हातीं कधीं कधीं धनाऐवजीं एक नांव येतें. रुपयाएवढी धातूची चकती, कांठाला भोंक, आणि वर कोरलेलीं अक्षरें. तीं कशीं वाचावीं हें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे; कारण त्या अक्षरांच्या शेवटीं पुष्कळदां आपल्याच पंथाची खूण असते.

चकती सरकारी कीं खासगी, हें प्रथम पाहावें. ब्रिटिश लष्करानें १९०७ सालीं ॲल्युमिनियमची चकती सुरू केली. तिजवरील अक्षरें ठशानें उमटविलेलीं असत. १९१४ सालीं महायुद्ध पेटल्यावर तिच्या जागीं दाबलेल्या तंतूंची तांबडी चकती आली. ही ओल्या मातींत कुजते. पुष्कळ शिपाई मात्र स्वतःच्या खर्चानें एखादें फ्रेंच नाणें घासून गुळगुळीत करीत व त्यावर आपलें नांव कोरून घेत. सरकारची वस्तु कुजली आणि गरिबाची पदरमोड टिकली, असा हा प्रकार आहे!

नांव, अंक, पलटण व धर्म, इतकाच मजकूर. ‘आर. सी.’ म्हणजे रोमन कॅथोलिक, ‘सी. ई.’ म्हणजे इंग्लंडची प्रस्थापित ख्रिस्तसभा. मृतास कोणत्या विधीनें मूठमाती द्यावयाची, हें या दोन अक्षरांवरून कळे. अंकावर मात्र एकट्यावर विसंबूं नये. १९२० पूर्वीं पलटणी आपापले अंक निरनिराळे देत, म्हणून एकच अंक अनेकांचा असे. अंक व पलटण यांची सांगड घालूनच लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत पदकांच्या नोंदी चाळाव्या लागतात. कारण सेवेचे सुमारें ६० टक्के कागद सप्टेंबर १९४० मधील बाँबवर्षावांत नष्ट झाले.

येवढें जुळलें तरी चकतीचा धनी तेथेंच पडला, असें ठरत नाहीं. दोरी तुटून ती गळली असेल, आणि तो घरीं परतून नातवंडें खेळवून वारला असेल. राष्ट्रकुल युद्धसमाधि मंडळाच्या यादींत त्याचें नांव आहे कीं नाहीं, हें म्हणूनच ताडून पाहावें. चकती अस्थींसन्निध असेल तर तिला हात न लावतां पोलिसांस कळवावें. ती उचलली कीं नांव एकीकडे आणि देह दुसरीकडे. लष्करासही हें उशिरां उमगलें. १९१६ पर्यंत शिपायाजवळ एकच सरकारी चकती असे, व मृत्यूच्या नोंदीसाठीं ती काढून नेली कीं प्रेत निनांवी राही. त्या वर्षीं दोन ठरल्या: तांबडी काढून न्यावयाची, हिरवी अष्टकोनी प्रेताबरोबर राहावयाची.

तरीही हजारों निनांवीच राहिले. आयरिश पलटणींचे धर्मगुरु, येशूसंघीय फादर विल्यम डॉईल, १६ ऑगस्ट १९१७ रोजीं बेल्जियमांत ईप्रजवळ जखमींची शुश्रूषा करीत असतां मारले गेले. टाइन कॉट येथील स्मारकाच्या भिंतीवर त्यांचें नांव कोरलेलें आहे. थडगें कोठेंही नाहीं.